सहा कप पाणी

दुपारच्या सामसुमीत माठावरचं झाकण खण्णकन वाजलं. कालिंदी हातातलं सूप तसंच टाकून उठली. सासूबाई, माई, बाहेरच्या खोलीत पडल्या होत्या आणि पाच वर्षांची बनू शाळेतून आल्या आल्या झोपली होती. स्वयंपाकघरात तिचा नवरा नृसिंह एका हाताने भिंत धरून उभा होता. दुसऱ्या हातातला पेला ओठांपाशी पोचला होता.

"अहो, द्या इकडं."

"मास्तरलाच कॉपी करताना धरलंस की गं!" तो हसला. हायस्कुलात चित्रकला शिकवताना पोरांना हसवायचा तसाच. पण डोळे हळदीसारखे झालेले. "एक घोट. पुन्हा न्हाय मागत."

तिने पेला ओढला तसा तो लगेच हातात आला. त्याच्या बोटांत धरून ठेवायचा जोरच उरला नव्हता. भांडला असता तर बरं वाटलं असतं तिला.

राजारामपुरीतल्या त्या दोन खोल्यांत सगळ्यांना ठाऊक होतं ते एवढंच, की नृसिंहला मोठी कावीळ झाली आहे. स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे, तो यकृतापर्यंत गेला आहे, हे मिरजेच्या डॉक्टरांनी फक्त तिला सांगितलं होतं. कॅन्सरच्या तिसऱ्या इंजेक्शनानंतर त्याचे पाय सुजले, लघवी कमी झाली. मूत्रपिंडं दमली आहेत, डॉक्टर म्हणाले. आदल्या दिवशी जेवढी लघवी होईल, तिच्यावर अर्धा लिटर, एवढंच पाणी. चहा आणि आमटीही त्यातच धरायची. रोज सकाळी ती लघवीची बाटली उजेडात धरून बघायची, तो तेवढा वेळ भिंतीकडे तोंड करून पडायचा. हिशेब सहा कपांच्या वर कधी गेला नाही. शुक्रवारी रक्ताचा रिपोर्ट यायचा होता. तो सुधारला तरच पुढचं इंजेक्शन, नाहीतर औषध बंद. म्हणून ती एकेक कप सांभाळत होती.

बुधवारी माईंचे भाऊ केरबामामा वारणानगरहून आले, ते सायकलच्या हॅंडलला अडकवावा तसा खांद्याला शहाळ्यांचा घोस अडकवूनच.

"लेका, ही पी. आठ दिवसांत तालमीत उतरशील."

माईंनी कोयता काढलासुद्धा. कालिंदी आडवी आली. "शहाळं नको, मामा. डॉक्टरांनी मुद्दाम सांगितलंय, मूत्रपिंडाला ते चालत नाही."

"शहाळं चालत न्हाय?" माईंचा आवाज शेजारपर्यंत गेला. "आजाऱ्याला शहाळं न्हाय द्यायचं तर काय बैलाला द्यायचं? काय गं कालिंदे, माझ्या लेकाला घोटभर पाण्याला महाग केलंस. हातात कप घेऊन बसतीस, दुधात पाणी घालणाऱ्या गवळ्यावानी!"

मामा खाली मान घालून पानाला चुना लावत राहिले. कालिंदीच्या ओठांवर सगळं आलं होतं. पण पलंगावरून नृसिंह बघत होता. तिने शहाळी उचलली आणि शेजारच्या आक्कांकडे देऊन आली. आक्कांनी घेतली खरी. "एवढं कडक बरं न्हवं गं पोरी," असंही म्हणाल्या. त्या दिवसापासून माई तिच्याशी बोलेनाशा झाल्या. काही हवं असलं तर बनूकडून निरोप धाडायच्या, एकाच खोलीत बसून.

शुक्रवारी ती एकटीच मिरजेला गेली. डॉक्टरांनी रिपोर्टाचा कागद दोनदा वाचला, चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"आता इंजेक्शन नको. त्यांचं शरीर सोसणार नाही."

"मी एक थेंबसुद्धा जास्त दिला नाही, डॉक्टर."

"कळतंय मला. तुमची काही चूक नाही. आता त्यांना त्रास नको. पाणी मागतील तेवढं द्या. खायला मागतील ते द्या."

एस.टी.त तिला खिडकीपाशी जागा मिळाली. शेजारच्या बाईने कुठल्या गावची म्हणून विचारलं, तर तिने हातातलं तिकीटच पुढे केलं.

घरी येऊन तिने चपलासुद्धा काढल्या नाहीत. मोठा तांब्या माठात बुडवला आणि पलंगापाशी नेला. "डॉक्टरांनी पाण्याचं बंधन काढलं," ती म्हणाली.

"बघ! मी म्हणत न्हवते?" माई तीन दिवसांत पहिल्यांदा तिच्याशी बोलल्या, आणि देवापुढे साखर ठेवायला धावल्या.

नृसिंहने दोन्ही हातांनी तांब्या धरला. गळ्यावरून ओघळ गेले तरी थांबला नाही. मग दम घेत विचारलं, "आणि इंजेक्शन?"

"ते पुढं बघू म्हणाले."

त्याने तांब्या तिच्यापुढे धरला. "तूही पी. तीन आठवडे माझ्यासमोर प्याली न्हाईस तू."

तिने तांब्या ओठांना लावला. तेवढ्यात बनू पलंगावर चढली, बापाच्या ओल्या सदऱ्याला हात लावून खुदकन हसली, आणि आईकडे वळली.

"आई, आता कितीबी पाणी प्यायचं, म्हंजे बाबा बरं झालं की न्हाय गं?"