चंदेरी चौकोन

खरं बोलायचं ते तोंडावर, यावर माझ्या सासुरवाडीच्या माणसांची गाढ श्रद्धा आहे. फक्त तोंड कोणाचं, यावर अजून एकमत झालेलं नाही.

सासूबाई एकट्या राहू शकत नव्हत्या आणि कोणाकडेही राहू शकत नव्हत्या. पहिली गोष्ट डॉक्टरांनी सांगितली होती, दुसरी कोणालाच सांगावी लागली नाही. वृद्धाश्रमात खोली ठरली. सोमवारी जायचं होतं. त्याआधी रविवारी त्यांचा वाढदिवस होता आणि त्यांना यातलं काहीही माहीत नव्हतं.

वहिनी मुलांचे हस्तकलेचे वर्ग घेतात. खरवडायचं ग्रीटिंग करू या, ही कल्पना त्यांची. वरून शुभेच्छा, आत चंदेरी चौकोन. आईंनी तो नाण्याने खरवडायचा आणि खालचं वाक्य स्वतःच वाचायचं. म्हणजे कोणाला काही बोलायला नको. सगळ्यांना हायसं वाटलं. मलाही वाटलं, पण जावयाचं वाटणं सहसा धरत नाहीत.

शनिवारी आम्ही दादाच्या घरी जमलो. दादा म्हणजे थोरला मेहुणा, वहिनींचा नवरा. त्याचं झेरॉक्स आणि लॅमिनेशनचं दुकान आहे; तिथलं लॅमिनेशनचं मशीन त्याने घरी आणलं होतं. चंदेरी रंगात भांडी घासायचं लिक्विड मिसळायचं आणि ते गुळगुळीत कागदावर लावायचं, असं वहिनींनी समजावून सांगितलं. पहिल्या नमुन्यात लिक्विड कमी पडलं, रंगाबरोबर कागदही निघाला. दुसऱ्यात इतकं जास्त झालं की हात लावायच्या आधीच रंग ओघळला. तिसऱ्याला दादाने आधी लॅमिनेशन केलं, तेव्हा रंग असा सुटला की दादा पुन्हा पुन्हा खरवडत बसला. प्रत्येक नमुन्याखाली त्याने टपोऱ्या अक्षरात ‘नमुना’ लिहिलं होतं. ते लिहायला त्याला काहीच त्रास झाला नाही.

खऱ्या कार्डावर काय लिहायचं, यात दुपार गेली. ‘आई, उद्यापासून तू वृद्धाश्रमात राहायला जाणार आहेस’ हे वाक्य माझ्या बायकोला कोरडं वाटलं. तिने त्यात ‘छान’ घालून पाहिलं, मग काढलं. शेवटी वाक्य ठरलं आणि सगळे चहाला उठले.

पुढचं काम वाटून झालं. वहिनींनी बाहेर फुलं काढली, आत पेन्सिलीने चौकोन आखला आणि कार्ड दादाकडे पालथं ठेवलं. अक्षर त्याचं चांगलं, तोच लिहील म्हणून. दादाने ते तसंच पालथं मशीनमध्ये सरकवलं. गिऱ्हाईकाचा कागद वाचायचा नाही, हा त्याच्या दुकानाचा नियम आहे आणि तो त्याने इतकी वर्षं पाळलाय की आता डोळे आपोआप दुसरीकडे वळतात. रंग लावायचं बायकोकडे आलं. तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला. “मला ते वाचायचं नाही,” म्हणाली, आणि अंदाजाने चौकोन भरला. माझ्याकडे केस वाळवायचं मशीन होतं. मी गरम हवा मारत उभा राहिलो. काम सुबक झालं होतं.

रविवारी केक कापून झाल्यावर कार्ड सासूबाईंच्या हातात दिलं. दादाने खिशातून नाणं काढून दिलं आणि तो खिडकीशी जाऊन उभा राहिला. बायकोने माझा दंड धरला. वहिनी प्लेटा गोळा करू लागल्या, त्यांत केक होता तरी.

सासूबाईंनी सावकाश खरवडलं. पदरावर चंदेरी भुगा पडत गेला. एक कोपरा झाला, मधला भाग झाला, शेवटी पेन्सिलीच्या रेघा दिसल्या. रेघांच्या आत पांढरा कागद होता. त्यांनी कार्ड उजेडात धरलं, उलटं करून पाहिलं, पुन्हा सुलटं केलं.

“काही लागलं नाही रे,” त्या दादाला म्हणाल्या. “असू दे. मला कधी लागलंय?”

दादाने वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी दादाकडे पाहिलं. बायकोने चष्मा लावला. आता कोणीतरी बोलायला हवं होतं, हे सगळ्यांना एकदमच कळलं आणि सगळे एकमेकांना वाट देत उभे राहिले. मी म्हणालो, “रंग मात्र छान सुटला.” दादाने मान डोलावली. तिसऱ्या नमुन्यापेक्षाही चांगला, असं त्याचं मत पडलं.

सासूबाईंनी पदर झटकला. ग्रीटिंग सुंदर आहे, म्हणाल्या, आणि फुलं कोणी काढली ते विचारलं. ते मात्र तिघांनीही सांगितलं.

सोमवारी आम्ही त्यांना गाडीत बसवलं. जरा फिरून येऊ, असं कोणीतरी म्हणालं, बहुधा मीच. दादा गाडी चालवत होता, त्यामुळे त्याला बोलता येत नव्हतं. बायको मागे आईचा हात धरून बसली होती, त्यामुळे तिलाही येत नव्हतं. वहिनी वर्ग असल्याने आल्याच नव्हत्या. बॅग डिकीत होती.

सासूबाईंना शेवटी तिथल्या दार उघडणाऱ्या बाईने सांगितलं.