दगडीला गाडी लागते

आमच्या दगडीला, माझ्या धाकट्या बहिणीला, गाडी लागते. तशी ती पुष्कळांना लागते. पण दगडीसारखी गाडी लागलेलं दुसरं माणूस पुणे जिल्ह्यात दाखवा, मी मिशा उतरवीन.

तिच्या लग्नाचंच घ्या. वरात एसटीने वालचंदनगरकडे निघाली. कंडक्टरने घंटीची दोरी ओढायला हात वर केला मात्र, नवरदेवाचं कोरं धोतर बाद झालं. भवानीनगरला ड्रायव्हरने हात जोडून नवरीला उतरवलं आणि पुढची वरात पायी गेली. नवरदेव मागून धोतर वाळवत. पुढे सासरी ट्रकचं चित्र असलेलं कॅलेंडर भिंतीला होतं, तर वर्षभर पोरीच्या पोटात अन्न ठरेना. गाईचं कॅलेंडर लावलं तेव्हा कुठं अंग धरलं. तिच्या पोराने, जोतीरामने, ट्रॅक्टर घेतलाय तो घरापासून तीन शेतं लांब उभा असतो, आणि वारा फिरला की त्याची जागा बदलतात. यातलं धोतराचं मी डोळ्यांनी पाहिलंय. बाकीचं मी सांगतोय म्हणजे झालेलंच असणार.

तरीही तिचं माहेर तुटलं नव्हतं, कारण माझी बैलगाडी होती. तरणेपणी मी सोमेश्वरच्या कारखान्यावर बैलगाडीने ऊस वाहिला. भरल्या गाडीवर झोपलो तरी बैल वजनकाट्यावर नेऊन उभे करायचे आणि पावती घेऊन मगच मला उठवायचे. पंचमी आली की त्यांना धुऊन, घुंगुरमाळा घालून, मी मुराळी म्हणून दगडीला आणायला जायचो. जळोचीपासून तिच्या वस्तीपर्यंत पस्तीसेक किलोमीटर. जायला एक दिवस, यायला एक दिवस. त्या गाडीत मात्र ही बया गाणी म्हणत यायची, वर वाटेत दोन भाकऱ्या चटणीसंगट खायची.

अकरा वर्षांपूर्वी माझी शेवटची जोडी म्हातारी होऊन गेली. नवी जोडी धरायला माझे हात राहिले नव्हते. तेव्हापासून दगडीचं येणं बंद.

आमची थोरली बहीण म्हाळसा, म्हणजे अक्का. आई गेली तेव्हा दगडी पाच वर्षांची होती. तिला अक्कानेच वाढवलं. अक्काचं कुंकू लवकर पुसलं, ती परत आली आणि कायमची माझ्या घरात राहिली. आता अठ्ठ्याऐंशीची आहे. खुब्याचं हाड मोडल्यापासून पलंगावरच. तिला इंदापूर तालुक्यात नेता येत नाही आणि दगडीला बारामतीत आणता येत नाही. फोनवर एकमेकींना दाखवायची सोय नातवाने केली, पण दगडी फोन कानालाच लावते. अक्काला अर्धा तास तिचा नुसता कान दिसतो.

"कान वाळलाय गं बाईचा," म्हणून अक्का डोळे पुसते.

या उन्हाळ्यात अक्का आठ दिवस दवाखान्यात होती. घरी आणल्यावर मला जवळ बोलावून म्हणाली, "भानुदास, मला काय नगं. दगडीला एकडाव समोर आणून बसीव."

मी व्हय म्हणालो. आयुष्यात हजार गोष्टींना व्हय म्हणालोय, पण ही रात्रंदिवस टोचायला लागली.

तेवढ्यात यशराजने, माझ्या नातवाने, विजेवरची मोठी गाडी घेतली. एमआयडीसीत चांगल्या कामावर आहे. गाडी म्हणजे काय सांगू! छप्पर काचेचं. दाराच्या मुठी आत लपलेल्या, मालक जवळ आला की आपणहून बाहेर येतात. सीट खालून गार वारा सोडते. आणि मुकी किती? शेजारची कोंबडी बॉनेटवर अंडी उबवत बसली होती. आम्ही भिगवणला जाऊन मासे खाऊन आलो, कोंबडी उठली नाही. तिसऱ्या दिवशी पिल्लं बाहेर पडली.

लोक गाडी बघायला आले. मी वास घ्यायला गेलो. पुढं हुंगलं, मागं हुंगलं, खाली वाकून हुंगलं.

"तात्या, काय शोधताय?" यशराज म्हणाला.

"डिझेल."

"न्हाय ओ ह्यात. थेंबभर न्हाय."

मी तिथंच गाडीच्या पाया पडलो. लोकांना वाटलं म्हातारा पूजा करतोय. डिझेलचा वास नाही म्हणजे दगडीचं ओकणं नाही; तिचं माहेर उघडलं म्हणून मी पडलो होतो.

रविवारी यशराज आणि मी तिच्या वस्तीवर गेलो. दगडीने नवीन म्हैस पारखावी तशी गाडीला एक फेरी मारली, नाक लावलं, मग माझ्याकडे बघितलं.

"दादा, ह्यात कायतरी डाव हाय. बिनवासाची गाडी कुठं असती व्हय?"

"बस तर खरं. अक्का नवं लुगडं नेसून बसलीय."

अक्काचं नाव काढलं तशी बसली. मागच्या सीटवर, खाली वर्तमानपत्र, एका मुठीत लिंबू, दुसरीत आवळासुपारी. मी पुढं यशराजशेजारी. गाडी लोण्यावरून निघावी तशी निघाली. मी मनात म्हणालो, जिंकलो.

लासुर्णे यायच्या आत दगडी म्हणाली, "दादा, थांबीव." थांबवेपर्यंत उशीर झाला होता. सायीच्या रंगाच्या त्या सीटचं काय झालं ते लिहीत नाही. यशराज रागावला नाही, पोरगं गुणाचं. पण त्याचा चेहरा सीटपेक्षा पांढरा झाला होता.

दगडी उतरली, बांधावर बसली, तोंड धुतलं. "अक्काला सांग," ती म्हणाली, "आता फुडच्या जल्मी भेटू." आणि काठी टेकत माघारी चालायला लागली. जोतीराम मोटारसायकलवर आला तर त्याच्याही मागं बसेना. सत्त्याहत्तर वर्षांची बाई चार किलोमीटर चालत घरी गेली. आम्ही गाडीने तिच्यामागून, बैलाच्या चालीने.

घरी अक्का उशांना टेकून बसली होती. मी तोंड उघडलं, "अगं, तिच्या म्हशीला आजच रेडकू झालं, म्हणून..."

"ओकली का?" अक्काने विचारलं.

मी मान डोलावली. नेसलेलं नवं लुगडं तिने हाताने एकदा सारखं केलं आणि भिंतीकडे तोंड करून निजली. माझ्या थापांवर लोक ऐंशी वर्षं हसलेत, रागावलेत, पैजा हरलेत. थाप इतकी फुकट कधी गेली नव्हती.

सीट धुवायला यशराजची बायको उत्कर्षा बसली. वालचंदनगरच्या कंपनी क्वार्टरमध्ये वाढलेली पोर, वडील तिथं फिटर. यंत्राचं तिला उपजत कळतं. फडकं पिळता पिळता म्हणाली, "तात्या, वासाचा दोष नाही. धक्क्याचा आहे."

"हिला धक्का कुठला? पोटातलं पाणी हालत न्हाय."

"तुमचं नाही हलत, तुम्हाला समोरचा रस्ता दिसतो. उद्या मागं बसा."

दुसऱ्या दिवशी बाजरीच्या तीन भाकऱ्या आणि वांग्याचं भरीत खाऊन मी मागं बसलो. यशराज चालवत होता, उत्कर्षा माझ्याशेजारी. त्याने पायाखालची कळ दाबली की गाडी झेपावायची, पाय सोडला की आपणहून दबायची. वेग उतरताना ही गाडी त्यातूनच वीज काढून बॅटरीत परत भरते म्हणे. काटकसरी बाई आहे. पण यशराज दर दहा पावलांना पाय सोडायचा, पुन्हा दाबायचा. माझी मान कोंबड्यासारखी. जळोचीची वेस ओलांडली आणि मी म्हणालो, "यशराज, थांबीव." रस्त्याकडेला बसून मी भरीत परत केलं. साठ वर्षं दगडीला हसलो होतो, तेही तिथंच परत केलं.

"आता कळलं," मी तोंड पुसत म्हणालो. "कासरा सैल सोडला की जागीच बसणारा बैल हाय हा."

"मग अशा बैलाला तुम्ही काय करायचा?" उत्कर्षाने विचारलं.

"त्याला आदी लांबून कळवायचं. वळण यायच्या कितीतरी आदी कासऱ्यातनं बोट हालवायचं. एकदम कायबी करायचं न्हाय."

"बरं," ती म्हणाली आणि नवऱ्याला उठवून स्वतः पुढं बसली. गाडीतल्या पडद्यावर काहीतरी दाबून तिने ते आपोआप दबणं सगळ्यात कमी केलं.

मग आठ दिवस आमची शाळा. संध्याकाळी ती कामावरून आली की मी तट्ट जेवून मागं आडवा व्हायचो आणि ती गाडी हाकायची. माझं पोट हाच काटा. "आत्ता ढवळलं," मी ओरडायचो. "ह्या गतिरोधकाला लवकर सांगितलं न्हाय तू त्याला." ती हसायची, पुन्हा त्याच रस्त्याने न्यायची. आठव्या दिवशी पुरणपोळी, वर वाटीभर तूप, वर उसाचा रस, एवढं घेऊन मी सांसरपर्यंत गेलो आणि वाटेत घोरलो. माझं वजन आठ दिवसांत आठ किलो वाढलं. यातले दोन खरे आहेत.

पंचमीच्या आदल्या दिवशी आम्ही तिघं निघालो. यशराज पोहोचवायला म्हणून जळोचीच्या वेशीपर्यंत आला आणि उतरला. त्याला बघून दगडीच्या पोटात पुन्हा आठवण नको.

दगडी ओट्यावर पाय सोडून बसली होती. उठलीच नाही. "दादा, चहा घ्या आन् जावा. माझी शोभा फुरं झाली."

मी तयारीने गेलो होतो. रस्त्यात जुळवलेल्या तीन थापा आणि एक शपथ. पण उत्कर्षा तिच्याशेजारी जाऊन बसली.

"आजी, मलापण गाडी लागते."

दगडीने मान वळवली. "तुला? तू तर हाकतीस."

"म्हणून तर शिकले. मागं बसलं की लागते. पुढं बसून रस्ता दिसला की नाही लागत. तुम्ही कधी पुढं बसलाय?"

दगडी विचार करायला लागली. एसटीत नाही. जीपमध्ये नाही. जोतीरामच्या लग्नातल्या मोटारीत नाही. पुढं दीर, पुढं मालक, पुढं व्याही.

"दादाच्या बैलगाडीत बसायची," ती हळूच म्हणाली. "त्याच्या शेजारी. कासरा धरू द्यायचा मला."

त्या रविवारीसुद्धा पुढच्या सीटवर मीच जाऊन बसलो होतो. बिनदिक्कत. अख्ख्या मुलखाला सांगायला माझ्याकडे तिच्या ओकण्याच्या शंभर गोष्टी, आणि तिला बसवलं कुठं हे एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही. चोवीस वर्षांच्या पोरीला आलं.

"ऊठ, दगडी," मी म्हणालो. "मी मागं बसतो."

ती बसली. मुठीत लिंबू घट्ट. गाडी निघाली ती मला कळलीच नाही, आणि मी तर गाडीवान आहे. उत्कर्षा वळणाला लांबून सांगत होती, गतिरोधकाला लांबून सांगत होती. लासुर्णे आलं. दगडी समोर टक लावून. लासुर्णे गेलं.

"ह्यांचा ऊस पडलाय बघ," दगडी म्हणाली.

मी हूं केलं.

"अगं, बुडाला वारं कुठनं लागतंय?"

"सीटमधून, आजी. बंद करू?"

"राहू दे, राहू दे! ब्येस वाटतंय."

भवानीनगरला तिने खिडकीची काच खाली करायला लावली. पुढं आल्यावर पदर सोडून डोकं जरा बाहेर काढलं आणि म्हणाली, "दादा, मागं तुला लागत न्हाय ना? लिंबू देऊ?" तो टोमणा मी देवाच्या प्रसादासारखा घेतला.

जळोचीत यशराज दार उघडायला धावला. दगडी काठी टेकत सरळ आत गेली. अक्काने तिला पाहिलं. हातांनी आधी तोंड चाचपलं, मग दंड, मग तो वाळलेला कान. रडणं होईल म्हणून मी रुमाल काढून तयार होतो. पण अक्काने तिच्या केसांत हात घातला आणि भडकली.

"काय अवतार केलाय ह्यो? फिर. बस खाली."

दगडी पलंगाला पाठ लावून जमिनीवर बसली, गुडघे पोटाशी घेऊन. अक्काने फणी मागितली. पडल्या जागेवरून तिचा विस्कटलेला अंबाडा सोडला आणि विंचरायला लागली.

"हालू नगंस. अशीच लहानपणी हालायचीस. कशात आलीस गं?"

"मोटारीत."

"आन् ओकली न्हाईस?"

"न्हाय. फुडं बसून आले."

अक्काचा हात थांबला. "मग ह्यो कुठं बसला हुता?"

"मागं!"

दोघी माझ्याकडे बघून अशा हसल्या की पलंग कुरकुरला. बाहेर उत्कर्षा गाडीला चार्जिंगची तार लावत होती. मी जाऊन तिच्यासमोर उभा राहिलो. तिच्या हातातली तार घेतली आणि मीच लावली. उलटी लागली. तिने हसत सरळ केली.