चार म्हणजे दोनाच्या दुप्पट नव्हे

मी वेदनापट्टी बोलतेय. वीतभर लांब, प्लॅस्टिकची. एका टोकाला हसरा चेहरा, दुसऱ्या टोकाला ढसाढसा रडणारा, मधे चढत्या दुखण्याचे बाकीचे. प्रत्येकाखाली एक आकडा. छापखान्यातून निघाले ती थेट पोटाच्या शस्त्रक्रियांच्या वॉर्डात, मोठ्या सिस्टरांच्या खिशात.

"किती दुखतंय? बोट ठेवा बघू," म्हणत सिस्टर मला पुढे धरतात. माणसं मोठी गमतीची. धिप्पाड गडी मुलांदेखत हसऱ्या चेहऱ्याजवळ बोट ठेवतो आणि मुलं घरी गेली की हळूच पुढे सरकवतो.

मध्यंतरी वॉर्डात दोन औषधांची तुलना झाली. काही रुग्णांना जुनं इंजेक्शन, काहींना नवी गोळी. मोठ्या डॉक्टरांनी माझ्या आकड्यांची सरासरी काढून टी-कसोटी लावली, म्हणजे दोन सरासऱ्यांतला फरक खरा की योगायोगाचा ते तपासलं. नवी गोळी सरस ठरली, तीही काठावर. बैठकीत माना डोलल्या की इंजेक्शन बंद, सगळ्यांना गोळी.

बैठकीआधी त्यांनी आकडे पुतणीपुढे टाकले. ती संख्याशास्त्रज्ञ. सिस्टर शेजारी उभ्या होत्या, मी खिशातून डोकावत होते. पलीकडच्या खोलीत खुर्च्या सरकू लागल्या होत्या.

"काका, ही कसोटी इथे चालणार नाही."

"आत्ता सांगतेस? लोक येऊन बसलेत!"

तिनं मला हातात घेतलं. "ही काही फूटपट्टी नाही. चार म्हणजे दोनाच्या दुप्पट दुखणं, असं कुणी सांगितलं? जास्त दुखतंय, एवढंच कळतं. हा नुसता क्रम. त्यात इंजेक्शनवाल्या चौघापाचांनी थेट शेवटचा चेहरा दाखवलाय, त्यांनी सरासरी ओढून नेली. दोन्ही गटांत माणसंही वेगळी, जोड्या लावता येत नाहीत. सगळ्यांना एका रांगेत लावून क्रमांक ताडून बघायचे. मान-व्हिटनी कसोटी."

डॉक्टरांच्या कपाळावरची शीर उडू लागली. "कर. पण लवकर."

उत्तर आलं. "फरक दिसत नाही. फरक नाहीच, असं मी म्हणत नाही. आहे म्हणायला आधार नाही."

"मग गोळी देऊ या की! सुई तरी टळेल."

दारावर टकटक झाली. "साहेब, सगळे थांबलेत."

"उलट्यांचं काय?" पुतणी जागची हलली नाही. "झाली किंवा नाही झाली. इथे क्रमही नाही, नुसते दोन कप्पे. याला काय-वर्ग कसोटी, म्हणजे काय-स्क्वेअर: कुठल्या गटात किती जणांना झाली ते मोजून ताडायचं."

सिस्टरांनी नोंदी दिल्या. तिनं त्या भरल्या आणि लॅपटॉपचा पडदा काकांकडे वळवला. गोळीवाल्यांत उलट्या इतक्या जास्त, की योगायोग म्हणून सोडून देता येईना.

डॉक्टर खुर्ची ओढून नोंदी चाळू लागले. "त्या शिवणकाम करणाऱ्या आजी... उलटीच्या जोरानं टाके उसवले, मी पुन्हा घातले. त्या गोळीवर होत्या?"

"हो, डॉक्टर," सिस्टर म्हणाल्या.

ते उठले. पुतणीच्या डोक्यावर हात ठेवला आणि बैठकीत शिरले. भिंतीपलीकडून त्यांचा आवाज आला, "गोळी आजपासून बंद."

आता माझी कड तडकलीय, शेवटचा चेहरा पुसत चाललाय. नवी पट्टी आली की मी निघेन. जाता जाता एवढंच मागणं: कसोटी लावण्याआधी आकडा कुठून आला ते विचारा. माझा तर एकेक आकडा कुणाच्या ना कुणाच्या थरथरत्या बोटाखालून आलाय.