उदाहरण द्या

‘धैर्य’ या शब्दापुढची चौकट बाकीच्या चौकटींपेक्षा जरा लहान छापली गेली होती, एका कोपऱ्यात तर रेघच जुळली नव्हती – सुमंगलाबाईंनी पेनाचे टोक तिथे टेकवले आणि पुन्हा उचलले. सातवीतल्या प्रत्येकाचा असा एक कागद. प्रामाणिकपणा, चिकाटी, दयाळूपणा... खूण करायची आणि खालच्या ओळीवर उदाहरण द्यायचे. बत्तीस कागद झाले होते. कुणी सापडलेली पट्टी परत दिली, कुणी झाडांना पाणी घातले. उदाहरणे सुचत गेली, नाही सुचली तिथे त्यांनी रचली. राहिला होता एकच, राजनंदिनीचा – गणितात शंभरपैकी एकोणतीस, इंग्रजीत त्याहून कमी, शेवटून दुसरा बाक.

उदाहरण तर होते. दिवाळीनंतरचा तो मंगळवार... फळ्यावर अपूर्णांक अर्धवट असताना स्वरदा बाकावरून खाली कोसळली, हातपाय ताठ, तोंडाला फेस – आणि बाईंना एवढेच आठवत होते की आपण व्हरांड्यात होतो, पाठ भिंतीला लागली होती, आणि आत राजनंदिनीचा आवाज चालला होता, बाक सरकवा, गर्दी करू नका, तिच्या तोंडात काही घालू नका. किती वेळ? दोन मिनिटे, तीन... मुख्याध्यापक उद्धवराव धावत आले तेव्हा बाई त्यांच्या मागोमाग आत शिरल्या. स्वरदा कुशीवर निजली होती, डोक्याखाली राजनंदिनीची ओढणी. “बाई, तुम्ही होतात म्हणून निभावलं,” उद्धवराव म्हणाले, पालकसभेतही तेच म्हणाले, टाळ्या झाल्या. बाईंनी हो म्हटले नव्हते. नाहीही म्हटले नव्हते – आणि चार महिने तेवढ्यावर त्यांचे ठीक चालले होते.

चार वाजता कागद द्यायचे होते. त्यांनी मैदानातून राजनंदिनीला बोलावले.

“त्या दिवशी तुला भीती नाही वाटली?”

“लय वाटली, बाई. पाय लटलट कापायले होते.”

“मग?”

“आमच्या मावशीलाबी येतेत झटके. बघितलेलं होतं.” तिने मैदानाकडे वळून पाहिले. “अन् तुमी सरांना बोलवायला गेलाव ना... मग कुणीतरी थांबावं लागतंय की.”

सरांना बोलवायला... सरांना बोलवायला तर वर्गातली ऋतुजा धावली होती, आणि तिला धाडले होते राजनंदिनीनेच. बाईंनी पोरीच्या चेहऱ्याकडे पाहिले. तिथे काहीच नव्हते, ऊन आणि घाम. ही मला वाट करून देते आहे, की इतक्या दिवसांत हिलाही तसेच आठवायला लागले आहे?

“जाऊ का, बाई?”

“जा.”

त्यांनी खूण केली. मग ओळीवर लिहिले – ‘वर्गात स्वरदाला झटका आला तेव्हा बाई’ – आणि पेन थांबले. वर एक अनुस्वार दिला की पुढे ‘बाईंना मदत केली’ हे अगदी सहज बसले असते, शुद्धलेखनाची एकही चूक न होता. नाही दिला तर ‘बाई’पुढे ‘व्हरांड्यात होत्या’ असेच लिहावे लागले असते...

“झालं का, बाई?” कार्यालयातून उद्धवरावांची हाक आली.

टेबलाखाली आपले गुडघे कापताहेत हे बाईंना जाणवले, आणि त्या ते कापणे पाहत राहिल्या, दुसऱ्याच कुणाचे असल्यासारखे. भीती तर होतीच, तीच, मंगळवारची. पण या वेळी त्या अजून बसलेल्या होत्या, दार उघडे होते, आणि उठावेसे वाटत नव्हते.