खळ्यावरचा चेंडू

२०२२ सालच्या पौषात खोडाळ्याजवळच्या पाड्यावर भाताची झोडणी आटोपली आणि गौराचं खळं रिकामं झालं. शेणाने सारवून, चोपून दगडासारखं घट्ट केलेलं. आसपास तेवढीच काय ती सपाट जागा. शाळेच्या पुष्पलताबाईंनी पोरं तिथे क्रिकेट खेळायला नेली, आणि पोरांनी एकदा तरी खरा चेंडू पाहावा म्हणून नाशिकहून हौसेने आणलेला लेदरचा चेंडू त्यांच्या हाती दिला. त्या टणक भुईवर तो असा उसळला, की गौराच्या प्राजक्ताला डोळ्याखाली बसला.

जव्हारच्या डॉक्टरांनी डोळा शाबूत आहे म्हणून सांगितलं, तेव्हा कुठे बाईंच्या जिवात जीव आला. पण गौराने पोरीची बॅट म्हणून वापरायची फळी माळ्यावर टाकली आणि तिचा खेळ बंद केला. खेळाच्या तासाला प्राजक्ता वर्गातच बसून राही. बाईंना ते बघवेना.

बाजाराच्या दिवशी त्यांनी दुकानातले चेंडू दाबून दाबून पाहिले आणि पिशवी घेऊन थेट खळं गाठलं.

"गौराताई, तुम्हाला पसंत पडेल तोच चेंडू. नाहीतर राहिलं."

"मी काय सोयरीक जमवतेय?" गौरा म्हणाली, पण पदर खोचून पुढे आली.

रबरी चेंडू आपटला तो डोक्यावरून कुडापलीकडे गेला. "हे तर माकड." जड टेनिसचा तिने हातात जोखला आणि न आपटताच परत दिला. उरला साधा, हलका, मऊ टेनिसचा. तो कमरेइतकाच उडाला.

"आता माझ्या नडगीवर मारा."

"अहो, तुम्हाला कशी मारू?"

"पोरीला लागला तेव्हा विचारलंत?"

बाईंनी हळूच फेकला.

"जोरात. पोरं काय लाडाने टाकतात?"

दुसऱ्यांदा सपकन बसला. गौराने नडगी चोळली, चेंडू उचलून पुन्हा दाबला, मग दारात उभ्या लेकीकडे वळली.

"बघतेस काय? काढ तुझी फळी."

बाई डोळे पुसत हसल्या.

प्राजक्ता आता नाशिकला वसतिगृहात आहे. हेल्मेट घालून लेदरच्या चेंडूने खेळते. बाईंची बदली साखरशेतला झाली. तिथल्या लहानग्यांना त्या मऊ चेंडूच देतात. गौरा आपली नागली पिकवते; लेकीचा सामना असला की देवाला नारळ ठेवते आणि संध्याकाळी फोन येईपर्यंत जेवत नाही.