तलवारीतला सुटलेला जोड

उजेडाची तलवार घरी बनवायचं सिस्टरच्या डोक्यात कुणी भरवलं, ते शोधण्यात अर्थ नाही. खूळ शिरायला दार लागत नाही. ती मोठ्या हॉस्पिटलात हाडांच्या वॉर्डात सिस्टर होती. गल्लीतलं शेंबडं पोरही तिला सिस्टरच म्हणे. तसं म्हणण्याची सोय नसलेला माणूस जगात एकच, तो म्हणजे तिचा नवरा. दर शनिवारी संध्याकाळी एका शाळेच्या हॉलमध्ये तिच्यासारखीच दहा-बारा थोर माणसं जमायची आणि लाइटसेबर, म्हणजे सिनेमातल्या त्या उजेडाच्या तलवारी, घेऊन रीतसर द्वंद्व खेळायची. आठवडाभर दुसऱ्यांची दुखणी ऐकणाऱ्या बाईला, समोरच्याला काही न होता बडवून काढायला मिळणं म्हणजे औषधच. इतके दिवस ती उसन्या तलवारीवर भागवत होती. आता तिला स्वतःची हवी होती, आणि तीही दुकानातून उचललेली नको, हाताने जुळवलेली हवी.

एवढं तिने शनिवारच्या त्या क्लबात सांगितलं. खरं कारण घरात बसलं होतं, आणि त्याने बरेच दिवस दाढी केली नव्हती.

तिचे सासरे म्हणजे रेडिओकाका. उभं आयुष्य त्यांनी रेडिओ, टेप, गल्लीतला जो डबा बोलायचा बंद पडेल तो दुरुस्त करण्यात घालवलं. मग बायको वारली, आणि पुढे हात थरथरू लागले. तरी ते टेबलाशी बसतच. एका सकाळी सोल्डरची, म्हणजे कथील वितळवून तारा जोडायची, तापलेली कांडी हातातून निसटली, मांडी भाजून खाली गेली आणि पडद्याला लागली. पडदा पेटला. मुलाने तो विझवला आणि त्याच दिवशी सगळी अवजारं कपाटात घालून कुलूप लावलं. मुलाचा धंदाच असा होता की त्याला दुसरं काही सुचलं नसतं. तो विमा कंपनीतर्फे जळलेल्या घरांची पाहणी करायचा, आणि दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात, हा तर रोज दुसऱ्यांची पोळलेली तोंडं पाहून येणारा.

कुलूप लागलं आणि सासरे गप्प झाले. विचारलं तर हो किंवा नको, त्यापुढे अक्षर नाही. ताटात निम्मं अन्न उरायला लागलं. सिस्टरने असली माणसं वॉर्डात पाहिली होती. मोडलेलं हाड जुळतं, पण आता आपल्याच्याने काही होत नाही असं माणसाच्या मनाने घेतलं की तो खाटेवरून उठत नाही. सासरे त्या वाटेला लागले होते आणि तिला भीती वाटत होती.

म्हणून एका संध्याकाळी तिने जेवणाच्या टेबलावर सगळा पसारा मांडला. मुठीसाठी ॲल्युमिनियमची नळी, पात्यासाठी दुधी प्लास्टिकची लांब नळी, नखाएवढा स्पीकर, बटण. सर्किटचा बोर्ड आणि बॅटरी अजून मागवायची होती. मग ती आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, की स्पीकर खाली बसवावा आणि बॅटरी वर, म्हणजे झालं.

सासरे खिडकीकडे तोंड करून बसले होते. मग त्यांनी विचारलं, की ट्यूबलाइटने मारामारी करायला किती शिकावं लागतं. सिस्टरने हसू दाबलं. ते पुढे म्हणाले, की जड वस्तू वर ठेवली तर मनगट तुटेल, बॅटरी मुठीच्या तळाशी हवी, आणि स्पीकर तिच्याही खाली, तोंड बाहेर करून, नाहीतर आवाज नळीतच कोंडेल. एवढं बोलून ते उठले आणि कागद शोधायला लागले.

त्यानंतर रोज संध्याकाळी आराखडा चालायचा. त्यांच्या रेघा नागमोडी यायच्या, पण कुठली वायर कुठून जाणार यात चूक नसायची. बटण अंगठ्याखाली की तर्जनीखाली, यावर सासरा-सुनेचं चांगलंच वाजलं. त्यांनी तिला लाटणं धरायला लावलं, हॉलभर फिरवायला लावलं आणि अंगठा कुठे पडतो ते खडूने खुणावलं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते दाढी करून आले. गालावर दोन ठिकाणी कापलं होतं. सिस्टर स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसून आली.

त्याच दिवशी त्यांनी सांगून टाकलं, "सोल्डर मी करणार. बाकी काहीही तू कर."

ती हो म्हणाली. दुसरं काही म्हणायची तिची हिंमत झाली नाही.

नवऱ्याने हे ऐकलं आणि त्याचा चेहरा उतरला. तो ओरडला नाही, ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने तिला शांतपणे सांगितलं, की ही लिथियमची बॅटरी आहे, रेडिओचे साधे सेल नव्हेत. दोन तारा चुकून एकमेकींना लागल्या की ती भडकते आणि पाणी ओतून शांत होत नाही. असल्या बोटभर सेलने काळ्या झालेल्या खोल्या त्याने पाहिल्या होत्या. बाबांच्या हातात तो हे देणार नव्हता. मग तो म्हणाला, की बाबा हल्ली जेवतात, हे त्यालाही दिसतंय. कपाटाची किल्ली त्याने तिच्यापुढे ठेवली आणि काय करायचं ते तूच ठरव म्हणाला.

आता इथे दुसरी कुणी असती तर नाही म्हणाली असती, किंवा देवावर हवाला ठेवून हो म्हणाली असती. सिस्टरने वॉर्डातली युक्ती केली. वॉर्डात एखादे आजोबा बेचैन झाले, सारखे उठून पळायला लागले, की त्यांच्यापुढे टॉवेलांचा ढीग ठेवायचा आणि घड्या घालायला सांगायचं. आजोबा कामाला लागतात. घड्या झाल्या की शाब्बास म्हणायचं, ढीग आत न्यायचा, विस्कटायचा आणि पुन्हा आणून ठेवायचा. यात कुणाचं वाईट होत नाही. या युक्तीने तिने कितीतरी माणसं शांत केली होती, आणि जे हत्यार दहा ठिकाणी चालतं ते अकराव्या ठिकाणी चालणार नाही असं कुणाला वाटतं?

तिने तयार वायरी लावलेला बोर्ड मागवला. त्याच्या वायरींना चिमुकले प्लग होते, एकात एक खोचले की काम झालं, सोल्डरची गरजच नाही. तो तिने स्वयंपाकघरातल्या खणात दडवला. क्लबातल्या एका दाढीवाल्याने पहिल्याच प्रयत्नात आपला बोर्ड जाळला होता, तो मेलेला बोर्ड तिने मागून आणला. सासरे त्यावर सोल्डर करतील, बॅटरी टेबलाच्या आसपासही नसेल, मग मूठ बंद करायच्या निमित्ताने ती सगळं आत नेईल आणि बोर्ड बदलेल. नवऱ्याला तिने हे सांगितलं. तो म्हणाला, चालेल.

रविवारी सकाळी सिस्टरने किल्ली नवऱ्याला परत दिली आणि त्याने कपाट उघडलं. सासऱ्यांनी एकेक अवजार हातात घेऊन पाहिलं. नवरा दारात उभा राहिला, हाताची घडी घालून, आणि त्याच्या पायाशी अग्निशामकाचा लाल नळा होता. सासऱ्यांनी तो पाहिला आणि कांडीची पिन लावली.

कांडी तापली. त्यांनी ती हातात धरलीच नाही. शिकंज्यात घट्ट आवळून टाकली, टोक वर करून. मग डाव्या मनगटाखाली वाळूची पिशवी ठेवली, वायर चिमट्यात धरली आणि बोर्डच कांडीकडे न्यायला लागले. हात थरथरत होता. ते थांबले. श्वास सोडला, थरथर किंचित उतरली, तेवढ्यात त्यांनी टोकाला टेकवलं. कथील वितळून बसलं. मग दुसरी वायर. एकदा बोर्ड कांडीच्या बाजूने घसरला आणि त्यांचं बोट टोकापासून केसभर राहिलं. नवरा एक पाऊल आत आला. सिस्टरने त्याच्याकडे न बघता हात आडवा केला. जोड मेलेल्या बोर्डावर लागताहेत हे तिला ठाऊक असूनही ती प्रत्येक जोडाला श्वास धरत होती.

शेवटी सासऱ्यांनी प्रत्येक वायर हलकेच ओढून पाहिली. एका वायरीवर त्यांचा हात जरा जास्त थांबला. मग त्यांनी बोर्ड तिच्या तळहातावर ठेवला.

"वा बाबा, शाब्बास," ती म्हणाली. आवाज वॉर्डातलाच होता, पण तिच्या ध्यानात आलं नाही.

ती आत गेली. खण उघडला, प्लग खोचले, बॅटरी बसवली, स्क्रू आवळले. हात चोरासारखे भरभर चालत होते. बाहेर येऊन तिने बटण दाबलं. मुठीतून घुमणारा आवाज उठला आणि निळा उजेड पात्यातून सरसर वर गेला. भर दिवसाही खोलीची एक भिंत निळी झाली. नवऱ्याने टाळ्या वाजवल्या आणि बाबा, जमलं की, असं म्हणाला. त्याच्या आवाजात सुटल्यासारखा आनंद होता.

सासऱ्यांनी टाळी वाजवली नाही. त्यांनी तलवार मागून घेतली, विझवली, पुन्हा पेटवली, पुन्हा विझवली.

"ही पेटायला नको होती," ते म्हणाले.

त्यांनी मूठ उलटी करून स्क्रूंकडे पाहिलं.

"लाल वायरीचा जोड सुटला होता. ओढली तर हातात आली. मुलासमोर सांगायला लाज वाटली, म्हणून तशीच टेकवून दिली. म्हटलं, पेटणार नाही, मग सावकाश काढून परत लावीन." त्यांनी तलवार टेबलावर ठेवली. "मग ही पेटली कशी?"

नवरा म्हणाला, की लागला असेल आपोआप, असं होतं कधी कधी. सासऱ्यांनी त्याच्याकडे नुसतं बघितलं. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या माणसाला आपोआप हा शब्द सांगायचा म्हणजे कमाल झाली. सिस्टरला जमीन दुभंगून आत जावंसं वाटलं. खोटं तिच्या जिभेवर तयार होतं, चांगलं गोड, रोजच्या वापरातलं. ते तिने गिळलं आणि सगळं सांगितलं. तयार बोर्ड, मेलेला बोर्ड, खण, काही लपवलं नाही.

सासऱ्यांनी मान हलवली. रागावले नाहीत. त्यांनी शिकंजा सैल केला, कांडीची पिन काढली आणि ती गार व्हायच्या आतच बाकीची अवजारं एकेक करून कपाटात परत ठेवायला लागले. पक्कड, चिमटा, वाळूची पिशवी. घाई नव्हती. कुलूप लावायला त्यांनी किल्लीसाठी मुलाकडे हात पुढे केला.

तो हात पाहून सिस्टरचं डोकं फिरलं. कुणावर चिडली होती ते तिलाच कळत नव्हतं, बहुतेक स्वतःवरच. तिने तलवार उचलली, मुठीचे स्क्रू काढले, आतलं सगळं बाहेर ओढलं. नवरा म्हणाला, अगं काय करतेस. ती म्हणाली, हे प्लगच नकोत. कपाटाच्या काठावरून तिने कात्री उचलली आणि लाल-काळी वायर एकत्र धरून कात्रीच्या तोंडात घातली.

"थांब!"

रेडिओकाकांचा असा आवाज त्या घराने कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. कात्री तिच्या हातात तशीच राहिली.

"आधी बॅटरी काढ. दोन्ही तारा लोखंडात एकदम धरतात का? हातातच पेटली असती तुझ्या."

दारात नवरा पांढराफटक पडला होता. लाल नळा त्याने उचलला होता, पण तो कुणाच्या दिशेने धरायचा हे त्याला कळत नव्हतं. सिस्टरने थरथरत्या बोटांनी बॅटरी काढली आणि लांब नेऊन ठेवली. आता थरथरणारे हात खोलीत दोघांचे होते. मग तिने एकेक करून सगळे प्लग कापले. शेवटचा तुकडा जमिनीवर पडला आणि तलवार परत न पेटणारी झाली. ती उघड्या तारांचा गुंता घेऊन सासऱ्यांपुढे उभी राहिली.

"आता तुम्ही लावल्याशिवाय पेटत नाही," ती म्हणाली. "आणि पेटली नाही तर नाही."

सासऱ्यांनी गुंता हातात घेतला. चष्मा वर सरकवून जवळून पाहिला.

"एवढ्या आखूड कापतात वायरी? जोडायला जागा तरी ठेवायची," ते वैतागून म्हणाले. मग मुलाकडे वळले. "तो बंब खाली ठेव आणि इकडे येऊन बस. मला एकट्याला धरता येणार नाही. चिमटा तू धर."

नवरा आला. बापाशेजारी स्टूलवर बसला, चिमटा धरला. कांडी पुन्हा तापली.

त्या दिवशी तलवार पेटली नाही. रात्री जेवताना सासरे एकटेच बोलत होते. कुठला जोड कच्चा असेल, कांडी कमी तापली होती की पोराने चिमटा हलवला, उद्या कुठून सुरुवात करायची, हे सगळं त्यांनी बायको गेल्यापासून प्रथमच दोनदा वाढून घेत सविस्तर सांगितलं, आणि नवरा तोंडातला घास तसाच ठेवून म्हणाला, की चिमटा त्याने मुळीच हलवला नव्हता.