अर्धी दाढी आणि दोन डॉक्टर

दादांच्या सलूनमध्ये खुर्च्या दोन आणि वस्तरा चालवणारा माणूस एक. बावीस वर्षं झाली याला. आतड्याचं दुखणं मात्र तीन वर्षांचं. अल्सरेटिव्ह कोलायटिस असं लांबलचक नाव. म्हणजे मोठ्या आतड्याला आतून जखमा. हा पाहुणा आयुष्यभराचा, गोळ्या सोडायच्या नाहीत, असं पोटाच्या डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं. दादांनीही सोडल्या नाहीत. कळ आली की गिऱ्हाइकाच्या गालावरचा साबण तसाच ठेवून मागच्या संडासात धावायचं आणि परत येऊन "फोन आला होता जरा" म्हणायचं, एवढंच. फोन आरशापुढेच पडलेला असायचा, ती गोष्ट वेगळी.

मग मनगटं धरली. गुडघे सुजले. कात्री उघडली की मिटेना. आता केस कापणाऱ्याचं मनगटच गेलं तर राहिलं काय? पोटाचं पोटाला आणि हाडाचं हाडाला, असा सरळ विचार करून दादा हाडांच्या डॉक्टरांकडे गेले.

तिथं काउंटरवर त्यांचंच दर पंधरवड्याचं गिऱ्हाईक, कारकून. त्याने फॉर्म पुढे ओढला. "दादा, आणखी काही आजार?"

घ्या! कोणाची सून रुसली, कोणाची मूळव्याध उसळली, हे ज्याच्या दुकानात सकाळी कळतं आणि दुपारपर्यंत गल्लीच्या टोकाला पोचतं, त्या माणसाने आपलं संडासाचं रडगाणं कारकुनाला ऐकवायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची. "काही नाही," दादा म्हणाले. आत डॉक्टरांनी फॉर्म पाहिला आणि दुखणं थांबवणाऱ्या गोळ्या लिहून दिल्या.

गोळ्या अशा काही लागू पडल्या की चार दिवसांत कात्री झरझर चालायला लागली. आणि दहाव्या दिवशी रक्त. दिवसातून आठ वेळा, मग बारा वेळा.

इथून दादांची मती गुंग झाली. हात बरा तर पोट वाईट, हा काय प्रकार? दुखणं मनगटातून खाली उतरलं की काय? की दूध बाधलं? दूध बंद केलं. गहू बंद केला. काही फरक नाही. मग वाटलं, दोन्ही गोळ्यांचं आपसात पटत नसेल. म्हणून एक दिवस हाडाची, एक दिवस पोटाची असं सुरू केलं. झालं, पोट आणखी बिघडलं आणि मनगटही पुन्हा ठणकायला लागलं. इकडे आड, तिकडे विहीर.

पोटाच्या डॉक्टरांनी तपासलं तेव्हा त्यांचा चेहराच उतरला. "औषध लागू पडत नाहीये. असंच चाललं तर मोठं आतडं काढून टाकायचा विचार करावा लागेल. दुसरं काही घेताय का?"

दादांना घाम फुटला. सांगावं तर हे रागावणार, मला न विचारता तिकडे गेलातच का म्हणून. "नाही," ते म्हणाले. बाहेर आल्यावर आपण असं का बोललो, हे त्यांचं त्यांनाच कळेना.

दुसऱ्या दिवशी बायकोने त्यांचा दुकानातला कोट धुवायला घेतला. "अहो, खिशात ही कसली पाकिटं?"

"हाडाच्या गोळ्या."

"पोटाच्या डॉक्टरांना दाखवल्यात?"

"हाडाच्या गोळ्या त्यांना कशाला दाखवायच्या?"

"कारण गिळता त्या पोटातच!" ती कडाडली. "आतडं काढायला निघालेत ते, आणि तुम्ही बसलाय लाज सांभाळत!" आणि ती तशीच, ओला कोट हातात धरून, रडायला लागली. 

तिनेच त्यांना परत नेलं. पोटाच्या डॉक्टरांनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं. मग म्हणाले, "सांधे धरणं हाही याच आजाराचा भाग असतो. आणि या गोळ्यांनी तुमचं आतडं चिघळू शकतं. आजपासून बंद. पोटाची गोळी मात्र एक दिवसही चुकवायची नाही."

"म्हणजे या गोळ्यांनी बिघडलं, की मी दिवस चुकवले म्हणून, की आजारच वाढला?"

"आता कसं सांगू? सगळं एकत्र ढवळून ठेवलंय तुम्ही."

"आतडं वाचेल?"

"तीन आठवड्यांनी बघू. आधी हाडांच्या डॉक्टरांकडे जा आणि हा आजार तिथे लिहून घ्यायला सांगा. त्यांच्याशी मी बोलतो."

पुन्हा तोच काउंटर. दादा इतके वाकले की नाक फॉर्मला लागलं. "मला मोठ्या आतड्याचा आजार आहे," ते पुटपुटले. "लिही."

"माहीत आहे, दादा."

"काय माहीत आहे?"

"अहो, अर्धी दाढी टाकून पळता तुम्ही, आम्ही काय झोपलेले असतो? सगळ्या गल्लीला माहीत आहे. तुम्ही फोन म्हणता, आम्हीही फोन म्हणतो. कोणी कधी घाई करतं का तुमच्याकडे?"

"मग त्या दिवशी लिहिलं का नाहीस?"

कारकून ओशाळला. "तुम्ही 'काही नाही' म्हणालात. म्हटलं, तुमचा मान राखावा."

त्याला मिठी मारावी की मुस्काटात द्यावी, दादांना कळेना. तीन वर्षं अख्ख्या गल्लीने त्यांचं गुपित जपलं होतं. आणि दोन डॉक्टरांपैकी एकाला आजार माहीत नव्हता, दुसऱ्याला गोळ्या.  दादा काउंटरला टेकून उभे राहिले.

"लिही," ते म्हणाले. "आणि मोठ्या अक्षरात लिही."